ड्राफ्टच्या यादीतलं तिसरं नाव

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून असेल.

भंडाऱ्यात माझं पितळी भांड्यांचं दुकान. पण गिऱ्हाइकं गुंड-घागरींपेक्षा फुटबॉलचं जास्त विचारायची — कारण इथल्या एका साप्ताहिकात मी खेळावर सदर लिहायचो. मुंबईत फुटबॉलच्या मोठ्या लीगचा ड्राफ्ट असला, की आधीच्या अंकात माझा अंदाज यायचा. ड्राफ्टमध्ये संघ पाळीपाळीनं खेळाडू उचलतात. पहिल्या दहात कोण, ते मी सांगायचो. एका वर्षी सात नावं बरोबर आली आणि लोक मला ज्योतिषी म्हणू लागले. गडी फुगला! गोंदिया वेगळा झाल्यापासून आमच्या एवढ्याशा जिल्ह्याला मिरवायला फारसं काही नव्हतं, त्यात हा मान.

करडी गावचा प्रशील गोलकीपर होता. धानाच्या बांधीत वाढलेला, अंगानं चपळ, स्वभावानं गाईसारखा. नागपूरच्या स्पर्धांत मीच त्याला नावारूपाला आणलं — असं मी सांगायचो. त्या वर्षी ड्राफ्टला उभ्या असलेल्या खेळाडूंत त्याचं नाव आलं, आणि मी दुकानात बसून जाहीर करून टाकलं, तिसरा प्रशीलच.

मग नागपूरहून एका ओळखीच्या निवडकर्त्याचा फोन आला. पोरगा चांगला आहे, म्हणाला, पण गोलकीपरला उंची कमी पडते; एकाही संघानं त्याच्या नावावर खूण केलेली नाही. एकाही नाही.

अंक छापायला दोन दिवस होते. एक नाव खोडायला किती वेळ लागतो? मी खोडलं नाही. चारचौघांत बोलून बसलो होतो ना — हसं झालं असतं माझं.

एवढंच असतं, तर मी त्याला थापेबाजी म्हटलं असतं आणि विसरलो असतो. पण अंक निघाल्यावर प्रशील दुकानात आला. उभाच राहिला.

“भाऊ, ड्राफ्टच्याच दिवशी पोलीस भरतीचं मैदानी आहे. वयाच्या हिशेबानं माहा शेवटचाच चान्स. मुंबईले जाऊ का भरतीले? तुमी म्हणान तसं.”

तेव्हा तरी खरं सांगायचं ना? समोर उभा होता तो. धावण्यात त्याला जिल्ह्यात तोड नव्हती, वर्दी जवळजवळ अंगावर होती.

“भरतीले कायले जातं?” मी म्हणालो. “मुंबईले जाय. तुयं नाव तिसरं आहे.”

तो माझ्या पाया पडून गेला.

ड्राफ्टच्या दिवशी करडीच्या विहारात टीव्ही लावला होता. मला मानानं पुढे बसवलं, प्रशीलच्या आईशेजारी. तिनं पांढरं लुगडं नेसलं होतं. तिसरं नाव आलं, भलत्याचंच. चौथं, पाचवं. दर नावाला ती माझ्याकडे बघायची — “आता घेतीन का जी माह्या पोराले?” — आणि मी मान हलवायचो, घेतील. सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत हलवत राहिलो. लोक गुपचूप उठून गेले. ती रडली नाही. मलाच म्हणाली, “तुमी सकाळपासून उपाशी आहात जी. दोन घास खाऊन घ्या.” तिनं पोरासाठी केलेली खीर मी खाल्ली. इतकी माया मला फार थोड्यांनी दिली आहे, आणि ती मी अशी चोरून घेतली.

प्रशील परतला तो थेट दुकानात. मला वाटलं, आता कॉलर धरेल. धरली असती तर बरं झालं असतं — मी बोललो तरी असतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, मनाले लावून घेऊ नोका. अंदाजच तं होता.”

फोनचं मी तेव्हाही सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

तो आता धानाच्या गिरणीत पोती उचलतो. मी अधूनमधून करडीला जातो. त्याची बायको चहा करते, तो मला खुर्ची पुसून देतो. माझा तो लेख त्यानं लॅमिनेट करून भिंतीवर लावला आहे. मागच्या खेपेला लेकीला कडेवर घेऊन त्यानं तिचं बोट तिसऱ्या नावावर ठेवलं आणि म्हणाला, पाह्य, तुया बाप इथं होता. ती माझ्याकडे बघून हसली.

तो तिथे नव्हता. मला माहीत होतं.