बिनखताची ओळ

शकू गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नाशिकच्या घरात चपला घालून बसलो होतो. चांदवडला जाऊन तिला एक गोष्ट सांगायची होती... दोन महिने मी असा निघतच होतो. आज तिला जाऊन सव्वा महिना झाला, तरी घरात पाय ठरत नाही.

माझी धाकटी बहीण. कांद्याच्या गावात तिनं ड्रॅगन फ्रूटच्या रोपांचं खूळ घेतलं तेव्हा मी हसलो होतो. "निवडुंगाला कसली गं सावली नि कसलं खत?" ती म्हणाली, "तेच तर बघायचंय, दादा." पिशव्यांत कांड्या लावून तिनं चार ओळी केल्या. दोन हिरव्या जाळीखाली, दोन उन्हात. दोन्हीकडे एकीला कुजलेलं शेणखत, दुसरीला नुसती माती. दर रविवारी फूटपट्टीनं कोंब मोजायची. गावातल्या बाया तिचं बघून आपापली रोपं लावणार होत्या.

ती मालेगावला लग्नाला गेली आणि चार दिवस पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. स्वस्थ न बसणं हा माझा जन्माचा दोष. जाळीखालची बिनखताची ओळ बघवेना. शेजारची पोटभर जेवलेली आणि ही उपाशी... शेवटी ओंजळ ओंजळ खत घातलं, वर माती सारली. दया आली, दुसरं काय!

महिना-दीड महिन्यात त्या ओळीनं उचल खाल्ली. "सावली असली की खत नाही लागत वाटतं," शकू माझ्याकडे बघत म्हणाली. मी चहाचे कप विसळायला उठलो. त्यानंतर माझ्या फेऱ्या कमी झाल्या. पुढे ती आजारी पडली, तेव्हाही तब्येत फोनवरच विचारायचो. आजारी माणसाला कशाला सांगायचं, ही पळवाट होतीच. भित्रा होतो, एवढंच.

दहाव्यानंतर तिच्या शेजारच्या सुमनताईंना गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. "बायांना सांगा, खत घाला. तिचं चुकलं नव्हतं, मी चुकवलं."

सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "भाऊ, तिला तवाच कळलं व्हतं. पिशवी उकरून पाह्यली तिनं. मग पुन्यांदा ओळी लावल्या, माझ्या परसात, तुमच्यापासून लांब! खत लागतंच, हे समद्या बायांला ठावं हाय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्या म्हणलं, भावाला बोल की. तर म्हणे, नको. कबूल करायला तरी येईल."

सुमनताईंच्या परसात त्या ओळी अजून आहेत. आता मी दर रविवारी जातो.