पंगतीतल्या पहिल्यालाच विचारलं

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला चाळीसगावजवळचं आत्याचं शेत आठवतं. आत्याला आम्ही अक्का म्हणायचो.

त्या दुपारी भरिताची पार्टी होती आणि मी निंबाखाली लॅपटॉप उघडून बसलो होतो. कर्नलमधला, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यातला, माझा पहिलाच बदल दूरच्या एकाच्या मशीनवर सुरू होतानाच कोसळत होता. संध्याकाळपर्यंत सुटलं नाही, तर कर्नल सांभाळणारे तो काढून टाकणार होते. वास्तविक, त्यात वापरलेली नवी सूचना समजते का, हे माझा कोड प्रोसेसरला आधी विचारत होता!

तिखट किती चालेल, ते पंगतीला विचारायला अक्काने मला पाठवलं. मी पहिल्याला विचारून परत आलो.

"एकलेच इचारं का?" अक्का कडाडली. "बठ्ठासले इचार!"

सगळ्यांना विचार! मी थबकलो. माझा कोडही प्रोसेसरमधल्या अनेक कोअरपैकी, म्हणजे गणना करणाऱ्या भागांपैकी, फक्त पहिल्यालाच विचारत होता, आणि त्या मशीनच्या बाकीच्या कोअरना ती सूचना समजतच नव्हती. मी कोडला सगळ्यांना विचारायला लावलं आणि तो मशीनवाल्याला पाठवला. भरीत पानात पडेपर्यंत त्याचा निरोप आला, सुरू झालं! मी चुलीभोवती नाचलो.

अशा बदलाखाली 'सुचवणारे' म्हणून एक ओळ असते. तिथे मी अक्काचं नाव टाकलं. तेव्हा ती गंमत वाटली होती. आज वाटतं, त्या बदलातली सगळ्यात खरी ओळ तीच.