कापली जाणारी ओळ

माझा धाकटा भाऊ प्रोग्राम लिहायचा. लिहिलेल्या तुकड्यांतून अख्खा प्रोग्राम बांधून देणारं एक साधन त्याच्या ऑफिसात होतं. कामाचं नाव टाइप केलं की ते काम उरकायचं. त्या कामांना ते लोक टार्गेट म्हणत. कुठली टार्गेट आहेत असं विचारलं, की पडद्यावर नावं यायची आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीत माहिती. ओळ मावली नाही तर उरलेली कापली जायची.

बाकीच्यांना ती मावायची. याची नजर मात्र अधू होत चालली होती. हा अक्षरं मोठी करून ठेवायचा आणि मग निम्मी ओळ गायब. घरात मला ठाऊक होतं, ऑफिसात कोणालाच नाही.

"कळलं तर घरी बसवतील, ताई," म्हणायचा.

एकदा दोन टार्गेटांपुढे त्याला सारखंच दिसलं, 'जुन्या फायली पुसते'. एकीकडे पुढे 'फक्त तात्पुरत्या' असं होतं, दुसरीकडे 'सगळ्या'. ते दोन्ही शब्द कापले गेलेले. याने नेमकं नको ते चालवलं. फायलींची प्रत वेगळी ठेवलेली होती म्हणून निभावलं, पण साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "डोळे कुठे होते तुझे?"

घरी येऊन तो जेवला नाही.

मग त्याने ते साधनच दुरुस्त केलं. मावणार नाही ते कापायचं नाही, खालच्या ओळीवर आणायचं. अशा बदलाला साहेबांचा होकार लागतो.

"सगळ्यांना तर नीट दिसतंय," साहेब म्हणाले. "एवढी मोठी अक्षरं लागतात कुणाला?"

तो म्हणाला, "मला."

साहेबांनी होकार दिला आणि त्याला घरीही बसवलं नाही. नजरेनेच बसवलं. पडद्यावर एकच शब्द मावेल एवढी अक्षरं केली, तरी दिसेना; तेव्हा त्याने स्वतःहून नोकरी सोडली.

देवाकडे मागणं मी सोडलेलं नाही. लहान तेवढं केलंय. खिडकीतला उजेड त्याला कळत राहो, एवढंच.

ऑफिसातून अजून किरकोळ काम येतं. मी शेजारी बसून वाचते, तो सांगतो, मी टाइप करते. माझं इंग्रजी शाळेपुरतं.

"ताई, वाचतेयस की खडे वेचतेयस?"

"मग दुसरी बघ कोणी."

हसतो. मी टार्गेटांची माहिती एकेक वाचत जाते. ओळ संपली की तो पडद्याकडे तोंड करून विचारतो, "शेवटपर्यंत आलंय ना?"

"आलंय. खालच्या ओळीवर."