गार होण्याची घाई

“भट्टीतून काढून घाईत गार केलीय लॅबवाल्यांनी,” माझ्या दाताची तुटलेली कॅप दिव्यासमोर धरून डॉक्टरकाकू मदतनीस बाईंना सांगत होत्या. “वरचा थर आधी गार होऊन आकसतो, आतला गरमच असतो. तो ताण मग आत राहून जातो. दिसत काहीच नाही.”

खरंच दिसत नव्हतं. कडेचा टवका सोडला तर कॅप अजून चकचकीत होती. साखरपुड्याच्या फोटोंत समोरचा दात नीट दिसावा म्हणून आईनं ती मागे लागून करून घेतली होती. काल मऊ पोळीच्या घासाला ती तडकली.

कॅप काढलेल्या दातावरून जीभ फिरवत मी खुर्चीत पडून होते. त्यानं लग्नाला नकार कळवला त्या संध्याकाळी मी सगळ्यांसाठी चहा केला होता आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले होते. पोरगी किती लवकर सावरली, असं घरचे म्हणाले. मलाही ते खरं वाटलं. मग परवा दुकानात कुणीतरी अगदी त्याच्यासारखं खोकलं, आणि साबणांच्या फळीसमोर मला रडू आवरेना.

“या वेळी लॅबला सांगते, सावकाश गार करा म्हणून,” काकू माझ्याकडे वळल्या. “पण वेळ लागेल हं, नवरीबाई. लग्नाच्या आत हवी असेल ना?”

एरवी मी नुसती मान हलवली असती.

“लग्न मोडलंय, काकू,” मी म्हणाले. “सावकाशच होऊ दे.”