पेजवर न लागलेली जयंती

"कुठंय? मला तर दिसत नाही," लिमयेकाका म्हणाले.

चौदा एप्रिलची संध्याकाळ. दिल्लीत द्वारकेला आमची सोसायटी, तिच्या बागेतला बाक. पप्पा सकाळी विहारात जाऊन आले होते, तोच पांढरा शर्ट अजून अंगावर. शेजारी लिमयेकाका. दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीतून रिटायर झालेले. पप्पांच्या मोबाईलवर आपोआप आलेली जयंतीची पोस्ट होती. निळा रंग, साहेबांचा फोटो, खाली एकच ओळ: 'पानी सबका है।' त्याखाली पाणी शुद्ध करायची मशीन विकणाऱ्या एका बड्या कंपनीचं नाव. ती ओळ माझी. मी गुडगावच्या जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहायचे, आणि ही कंपनी आमची क्लायंट होती.

पप्पा दिवसभर तो मोबाईल सगळ्यांना दाखवत फिरले होते. एवढ्या मोठ्या कंपनीने आमची जयंती केली, तीही माझ्या मुलीच्या हातून! मी कॅबमधून उतरून बाकापाशी आले तेव्हा काकांनी स्वतःच्या मोबाईलवर कंपनीचं पेज उघडलं होतं. तिथे बैसाखीचा भांगडा होता. होळी होती. महिला दिन होता. जयंती नव्हती.

"अहो, कोणीतरी बनवून पाठवलंय तुम्हाला," काका हसले. "तुमच्या लोकांत हे फॉरवर्डचं फार आहे, यार."

तुमच्या लोकांत. सरकारी क्वार्टर्समध्ये आमचा जिना एक होता. काकूंच्या हातचे मोदक खात मी मोठी झाले.

पप्पा माझ्याकडे वळले. "सांग ना गं काकांना."

मी माझा मोबाईल काढला. पेज खालपर्यंत बघितलं. नव्हतीच. पप्पांनी मोबाईल खिशात टाकला, "डास फार झालेत" म्हणाले आणि उठले. डास नव्हते.

क्वार्टर्समधल्या त्या दिवसांत लिमयांकडे मुंबईचा मराठी पेपर यायचा, एक दिवस शिळा. त्यांचा वाचून झाला की आमच्याकडे. मग जिन्यात दोघांचं भांडण. मंडल, राखीव जागा, सगळ्यावर. काका कधीकधी लागेल असं बोलायचे, पप्पाही सोडायचे नाहीत. पण बातमी एकच असायची. जाहिरातही तीच, साबणाची काय आणि पंख्याची काय. लिमयांना दिसली आणि आम्हाला नाही, असं त्या कागदावर होत नव्हतं. आता दोघं एका बाकावर बसतात आणि दोघांच्या हातात वेगवेगळं जग असतं. भांडायलासुद्धा काही सारखं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी नैनाला विचारलं. नैना माझी बॉस. वाईट बाई नव्हती. माझ्या वाढदिवसाला केक तिनेच मागवला होता.

"अरे यार, वो पेज के लिए थोड़ी था," ती म्हणाली. "पेज पे हमारे रेगुलर कस्टमर हैं। ये बस उन्हीं लोगों को दिखाया। कमेंट्स भी ऑफ रखे, वरना कचरा आता है।"

सगळ्यांच्या चहात साखर सारखीच आहे असं सांगावं, इतक्या सहज.

आमच्या धंद्यात याला डार्क पोस्ट म्हणतात. पैसे भरायचे आणि कोणाला दाखवायचं ते निवडायचं. पेजवर तिची खूणही राहत नाही. शाम्पू विकताना मीही या शब्दाला मान डोलावली होती. माणूस निवडायचा त्याच्या आवडीवरून. कुठली गाणी ऐकतो, कुठल्या विहाराचं पेज बघतो, कोणाचे फोटो लाइक करतो. पप्पांनी आयुष्यभर ऑफिसात आडनाव दबक्या आवाजात सांगितलं. मोबाईलने त्यांना एका झटक्यात ओळखलं आणि वेगळं बसवलं.

वेगळं बसणं पप्पांना नवीन नाही. गावच्या शाळेत त्यांना ओंजळ धरावी लागायची, शिपाई वरून पाणी ओतायचा. ती ओळ मी त्या ओंजळीवरून लिहिली होती. लिहिताना रडले होते. 'पानी सबका है' असं कंपनी म्हणाली, पण ते ऐकवलं फक्त आम्हाला. बाकीच्यांच्या कानावर जाऊ नये याची नीट व्यवस्था केली. पैसे भरून केली.

"मैं उन्हीं लोगों में से हूँ," मी म्हणाले.

नैनाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लगता नहीं यार! बिल्कुल नहीं लगता।" तिला वाटलं, ती माझं कौतुक करतेय. "ये तो और अच्छा है। अगले साल भी तू ही लिखना। ऑथेंटिक लगेगा।"

मी तिचा हात बाजूला केला. नैनाच्या काचेच्या केबिनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या गप्प बसण्याची किळस आली. आईने शिकवलं होतं, विचारलं तरच सांगायचं. इथे कोणी विचारत नव्हतं आणि सगळं ठरत होतं.

जागेवर येऊन मी ती पोस्ट माझ्या स्वतःच्या अकाउंटवर टाकली. पूर्ण नाव आणि आडनावासह. कंपनीला टॅग करून. खाली हिंदीत आणि मराठीत लिहिलं: ही ओळ माझी आहे. ही फक्त आम्हालाच दाखवली गेली. आता सगळ्यांनी बघा. कमेंट चालू ठेवल्या.

नैनाचा फोन आला. "डिलीट कर। क्लायंट पागल हो रहा है।"

"नहीं करूँगी।"

संध्याकाळपर्यंत मला नोकरीवरून काढलं, लॅपटॉप परत घेतला. खालच्या गार्डनेही माझी बॅग नीट बघून बाहेर सोडलं, चोर असल्यासारखं.

आणि नैना म्हणाली होती तो कचरा आला. कोटावाली. फुकटी. आईबहिणीवरून. एकाने तर आमच्या पाणी पिण्यावरून असं लिहिलं की मला ते इथे लिहवत नाही. काहींच्या प्रोफाइल फोटोत त्यांची लहान मुलं मांडीवर बसलेली होती.

पप्पा सोफ्यावर बसून सगळं वाचत होते. एकेक, बोटाने वर सरकवत. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

"हे बंद करता येतं ना बेटा?" ते म्हणाले. "कर बंद. लिमये वाचतील. काय इज्जत राहील?"

मी त्यांच्यापाशी जमिनीवर बसले. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बापाचं मन मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

"नाही, पप्पा. वाचू देत."

"अगं, पण..."

"तुमची जयंती त्यांना दिसली नाही. या शिव्या तरी दिसू देत."

लिमयेकाका त्यानंतर बाकावर आले नाहीत. पप्पा एकटेच जाऊन बसतात. मला त्याचं वाईट वाटतं, रोज वाटतं. पोस्ट अजून तिथेच आहे. एकही कमेंट मी पुसलेली नाही, पुसणारही नाही. ज्याला बघायचंय त्याने यावं. ज्याला नाही बघायचं, त्याच्याही समोर मी ती दर चौदा एप्रिलला ठेवणार आहे.