दाजी आणि चाच्याचा दुसरा भाग

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतकं स्वच्छ मनानं खोटं बोलणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. स्वतःच्या फायद्यासाठी ते आयुष्यात एक अक्षर खोटं बोलले नाहीत. शिंपी माणूस, पण शर्टातून टीचभर चिंधी उरली तरी ती घडी घालून गिऱ्हाइकाच्या हातात देत. फक्त समोरच्याचा चेहरा पडणार असं दिसलं की त्यांची जीभ आपोआप दुसऱ्या वाटेला लागायची. शेजारणीचा मुलगा नापास झाला तेव्हा निकाल आणायला हेच गेले होते. परत येऊन म्हणाले, "न्हाई वैनी, नापास कुठला! पाया पक्का कराया त्याच वर्गात ठिवलाय." त्या माउलीनं पेढे वाटले. आक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, आमटीत मीठ नसलं तर हे दोन वाट्या जास्त घेत आणि म्हणत, "आज आमटी लई थंड गुणाची झालीया." आक्का मग चव घेऊन बघायची आणि कपाळाला हात लावायची.

ते दाजी खरं तर एकट्या माझे. पण मी तिथल्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागेपर्यंत सगळं गावच त्यांना दाजी म्हणू लागलेलं होतं. उंच, थोडे वाकलेले, गळ्यात टेप आणि कानामागे खडू. तरुणपणी त्यांनी नगरच्या लष्करी छावणीत साहेबांचे कपडे शिवले होते, त्यामुळे त्यांना इंग्रजी येतं अशी तालुक्यात ख्याती होती. येत होतं, नाही असं नाही. पण ते सगळं मापांचं इंग्रजी: चेस्ट, कॉलर, टाईट, लूज. त्याशिवाय तारेत येणारे पाचसहा शब्द, कारण त्यांचं दुकान पोस्टासमोर होतं. तार आली की माणसं ती घेऊन दाजींकडेच यायची. हायस्कुलातले मास्तर तार वाचून दाखवत आणि निघून जात. दाजी आधी बसायला सांगत, पाणी देत, मग वाचत. मी तिथं राहू लागलो तेव्हा या भांडवलावर त्यांचा आणखी एक उद्योग चालू होता. बाबूभाईंच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा लागला की दाजी पडद्याच्या बाजूला खोक्यावर उभे राहत आणि माईकवरून सगळी गोष्ट मराठीत सांगत.

चाच्याचा पहिला भाग आला तो असाच. बाबूभाईंनी फळ्यावर 'समुद्रातला चाचा' असं लिहिलं होतं, तेव्हा अत्तरवाले बुजुर्ग हुसेनमियाँ मनापासून विचारायला आले, "चाचा तो ठीक हाय, पर किसका चाचा?" दाजींनी समजावलं की चाचा म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर, पण चांगल्या घरातला. त्यांना त्या चाच्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं शिदू. त्याच्या मागे लागलेल्या आरमाराच्या साहेबाला नाव दिलं मामलेदार. बोटीवर काय भांडण चाललंय हे न कळल्यामुळे दाजींनी ते जमिनीच्या बांधावरून लावून दिलं. मला इंग्रजी बरं येत होतं, हाच काय तो माझा तोटा. बाकीची माणसं बेभान झाली होती. शेवटी शिदूनं जळत्या जहाजावरून समुद्रात उडी मारली आणि दाजी ओरडले, "गावला न्हाई! मामलेदाराला शिदू गावला न्हाई!" तेव्हा पागोटी पत्र्याला लागली. पुढे वर्षभर बाजारात दाजी दिसले की माणसं विचारायची, "शिदूचं काय कळलं का?" आणि दाजी गंभीरपणे सांगायचे, "खुशाल हाय. येनार हाय."

त्या वर्षभरात पाऊस मात्र आला नाही. सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. आणि त्याच उन्हाळ्यात जवळच्या वाडीवरचा नामदेव एक तार घेऊन दाजींच्या दुकानात आला. त्याची आई पुण्याला थोरल्या भावाकडे होती. मी शाळेतून येऊन तिथेच टेकलो होतो. दाजींनी तार उलगडली, वाचली, पुन्हा वाचली. नामदेव त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "आईची तब्येत जरा नरम हाय," दाजी म्हणाले. "सवड काढून ये म्हनत्यात." नामदेवानं हुश्श केलं. मुकादमाकडून रजा मिळवून तो दोन दिवसांनी गेला. तोवर सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर तो भांडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाऊ लागला. तो दिसला की दाजींच्या मशिनीची सुई कापडाबाहेर जायची. आक्का त्यांना बोलली, मीही बोललो. ते एवढंच म्हणाले, "पाव्हनं, तोंडातनं शब्दच निघंना हो."

अशात दुसरा भाग आला. आधी बघून ठेवावा म्हणून बाबूभाईंनी दाजींना नगरला नेलं. संध्याकाळच्या एस.टी.नं ते परत आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आक्काला वाटलं ऊन लागलं. मी जवळ जाऊन बसलो, तेव्हा ते हळूच म्हणाले, "पाव्हनं, शिदूला फाशी देत्यात."

दुसऱ्या दिवशी ते बाबूभाईंकडे गेले आणि शेवटचं रीळ दाखवू नका म्हणून हात जोडले. बाबूभाई म्हणाले, "दाजी, रीळ काढलं तर पब्लिक मलाच लटकवील. तुमी काय बी सांगा, पन माझा पडदा फाटू देऊ नका." त्यानंतरच्या तीन दिवसांत दाजींनी दोन विजारी उलट्या शिवल्या. मी धीर देऊन म्हणालो, "दाजी, जे दिसतंय तेच सांगायचं." ते म्हणाले, "तुमाला सोपं हाय. तुमाला कुनी इच्यारत न्हाई."

बाजाराच्या दिवशी खडीचं काम बंद असे. दुपारच्या खेळाला टॉकीज इतकं भरलं की भिंतीचे पत्रे बाहेर फुगले. दारांना गोणपाट लावलेलं, पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे ठिपके माणसांच्या डोक्यांवर पडलेले, आणि आत भट्टी. मी पुढच्या बाकावर, दाजींपासून दहा हातांवर बसलो होतो. नामदेव मधल्या रांगेत, खांबाला टेकून होता. दाजींनी त्याला पाहिलं हे मी पाहिलं.

सिनेमा सुरू झाला आणि अर्ध्या तासात कुजबुज वाढली. पहिल्या भागात सगळीकडे पाणीच पाणी होतं. यात शिदू लग्न करून एका बेटावर शेती करत होता. "दाजी, समुद्र कुठंय?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमी पानी बघाया आलो, ह्यो तर नांगर धरून बसलाय!" बायकांच्या बाजूनं लगेच उत्तर आलं, "बसू दे की! सौंसार करतोय तर तुमच्या पोटात का दुखतंय?" तेवढ्यात शिदूचे जुने जोडीदार पकडले गेले आणि त्यांना सोडवायला तो घर सोडून निघाला. आता पुरुषांनी शिट्ट्या मारल्या आणि बायका गप्प झाल्या. एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "चुकला." दाजी सांगत होते, पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा चढत नव्हता. त्यांच्या सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती.

शिदू पकडला गेला. चौकात लाकडी चौथरा दिसला, वर दोर दिसला. सगळं टॉकीज पुढे सरकलं. दाजी थांबले. माईकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येऊ लागला.

"सांगा की दाजी! काय म्हनतोय त्यो?"

पडद्यावर शिदूच्या पायाखालची फळी पडली. दाजी एकदम ओरडले, "ढिला हुता! फास ढिला हुता! मेल्याचं सोंग करतोय त्यो, मामलेदाराला फसवाया!"

निम्म्या टॉकीजनं आरोळी ठोकली, पागोटी उडाली. पण उरलेल्या निम्म्यांना डोळे होते. "मान लोंबतीया त्याची, दिसंना का?" एक हवालदार उठून म्हणाला, "मी नगरला बघितलाय ह्यो पिच्चर. मेलाय त्यो." "दाजी खोटं सांगत्यात व्हय? खाली बस!" कुणीतरी हवालदाराची टोपी उडवली. एक बाक आडवा झाला. पोरं रडू लागली, बायका त्यांना पोटाशी धरून भिंतीकडे सरकल्या. पुढची चारपाच दांडगी माणसं पडद्याकडे धावली आणि बाबूभाई दोन्ही हात पसरून पडद्यासमोर उभे राहिले. तेव्हा एका पैलवानानं माझा दंड धरून मला उभं केलं. "मास्तर! तुमी शिकल्यालं हाय. तुमी सांगा, मेला का जित्ता हाय?"

आवाज जरा कमी झाला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि खोक्यावरून दाजी बघत होते. तसा चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता. "मला... नीट ऐकू आलं नाही," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

मग खांबाजवळ नामदेव उभा राहिला. तो ओरडला नाही, पण त्याच्या आजूबाजूची माणसं गप्प झाली, मग त्यांच्या पुढची.

"दाजी," तो म्हणाला, "मी तुमच्या शब्दावर दोन दिस थांबलो आन् आईचं तोंड बघायचं ऱ्हायलं. ह्या मान्सांना तरी खरं सांगा."

 दाजींनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"मेला," ते म्हणाले. "शिदू मेला. कुनी सोडवाया आलं न्हाई." मग माईक तोंडासमोर तसाच असताना ते म्हणाले, "नामदेवा, तार आली तवाच गेल्ती रं तुजी आई. मला कळलं हुतं. तू समोर बसला हुतास, मला बोलवंना."

पैलवानानं तोवर धरून ठेवलेला माझा दंड सोडला. आडवा झालेला बाक कुणीतरी सरळ केला. पडद्यावर शिदूचं जहाज त्याच्याशिवाय समुद्रात निघालं होतं, आणि इतका वेळ ज्याच्यासाठी ओरडा चालला होता ते पाणी आता पडदाभर पसरलं तरी कुणी काही बोललं नाही. नामदेव गोणपाट बाजूला करून उन्हात निघून गेला.

बाहेर आल्यावर माणसांना वाचा फुटली, ती आठवडाभर बंद झाली नाही. पैलवान म्हणत होता, पयल्या भागाची सर न्हाई, हीरो मारायचा असतो व्हय? हवालदाराला दुसरा भागच जास्त खरा वाटला होता. बायकांत दोन तट पडले: जोडीदारांसाठी गेला तो खरा पुरुष, असं एकीचं, आणि मग लग्न कशाला केलं, असं दुसरीचं. हुसेनमियाँ एवढंच म्हणाले, "अच्छा आदमी था." पुढच्या सगळ्या खेळांना दाजींनी फाशीच्या जागी एकच वाक्य सांगितलं, "मेला," आणि बाबूभाईंचं टॉकीज तरीही भरत राहिलं. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या ते दोनदा येऊन गेले.

पण हे पुढचं. त्या दिवशी घरी आल्यावर आक्कानं मला फैलावर घेतलं, तू उठून का सांगितलं नाहीस म्हणून. मी मान खाली घालून बसलो होतो. दाजी चूळ भरून आत आले आणि म्हणाले, "अगं, त्यांना खरंच ऐकू आलं नसंल. लई गोंगाट हुता." आणि माझ्याकडे न बघता जेवायला बसले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी त्यांनी सायकल काढली आणि मला म्हणाले, "चला पाव्हनं, वाडीला." एकटं जायचं धाडस होत नव्हतं. नामदेव अंगणात दोर वळत बसला होता. त्यानं आम्हाला पाहिलं आणि पायानंच बाजलं पुढे सरकवलं. त्याच्या बायकोनं हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आणून दिलं. त्या दिवसांत प्रत्येकाच्या चुलीवर तेच असे. दाजींनी वाटी हातात धरली, पण तोंडाला लावली नाही. माफी मागतील, काहीतरी गोड बोलतील असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "कशी हुती रं तुजी आई?"

नामदेवाचे हात थांबले. आधी त्यानं मोजकं सांगितलं, की रागीट होती, उंचीनं बापापेक्षा मोठी होती. मग हळूहळू तो बोलू लागला. ती विहिरीत उतरून गाळ काढायची, एकदा लांडग्याच्या तोंडातून शेळी ओढून आणली होती, आणि पुण्याला जाताना एस.टी.त बसायला घाबरली म्हणून यानंच हात धरून चढवली होती. सांगता सांगता तो हसला, मग डोळे पुसले, मग परत सांगू लागला. दाजी ऐकत राहिले. कुठं एक शब्द घातला नाही, कुठं काही नीटनेटकं केलं नाही. ऊन बाजल्यावरून सरकून कुडावर गेलं, माडगं गार झालं, आणि नामदेवाची बायकोही हातातलं काम सोडून दारात बसून ऐकू लागली.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. सिनेमा पाहून आल्यावर आवडला का असं मला कुणी विचारलं, की मला तो सिनेमा आधी आठवत नाही. त्या अंगणात वाकून बसलेले दाजी आठवतात, आणि खरं उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो.