सरांची सही आणि असोद्याची वांगी

मीना, तुला आठवतं का... असोद्याच्या तुमच्या मळ्यात आपण केळीच्या पानावर भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खायला बसायचो. तू माझ्या पानातल्या मिरच्या हळूच उचलून घ्यायचीस. कारण तुझे वडील, म्हणजे आमचे सर, कॉन्व्हेंटात शिकलेल्या बाईंना तिखट झेपत नाही म्हणून मला चिडवायचे.

आज ते दिवस गोड वाटतात. तेव्हा मात्र मी त्या पानावर बसून आतल्या आत धुमसत असायचे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी धुळ्याला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. घरात दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, आणि माझ्या डोक्यात पीएच.डी.चं खूळ. विषय होता केळीच्या जमिनी. नोकरी सांभाळून पार्टटाइम करायची तर ऑफिसचं ना-हरकत पत्र हवं आणि अर्जावर गाईडची सही हवी.

पत्र मिळवण्यातच जीव मेटाकुटीला आला. साहेबांचं म्हणणं, मी डॉक्टर झाले तरी माती तीच राहणार. शेवटी दिलं, पण मार्चअखेरपर्यंतच चालेल असं खाली लिहून. पुढे माझी बदली होणार होती आणि नवा साहेब असलं पत्र देईल याची काय खात्री...

राहिली फक्त सही. सर तोंडाने केव्हाच हो म्हणाले होते. म्हणून दिवाळीनंतर दर रविवारी मी धुळ्याहून जळगाव आणि तिथून असोदा. पिशवीत अर्ज आणि मातीचे नमुने.

सर नमुना तळहातावर चुरायचे, वास घ्यायचे आणि रंगात येऊन बोलत सुटायचे. त्यांच्यासारखं शिकवणारं मला पुन्हा कोणी भेटलं नाही. पण मी अर्ज बाहेर काढला की त्यांचं एकच, "पुढच्या रविवारी बघू."

आणि चुलीपाशी बसलेल्या अक्का, म्हणजे तुझी आई, म्हणायच्या, "आधी जेवाले बस वं माय. कागद काय पयून चालले का?" कागद पळून जात नव्हते, पण मार्च जवळ येत होता.

आमच्या शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं, शब्द दिला की पाळायचा. मला या 'पुढच्या रविवार'चा अर्थच लागेना. विषय आवडला नाही? की संसारी बाई, मध्येच सोडून देईल असं वाटतं? घरी नवरा विचारायचा, धुळ्यात वांगी मिळत नाहीत का...

फेब्रुवारीत एक दिवस रजा टाकून मी जळगावला विद्यापीठाच्या कचेरीत गेले. सहीशिवाय अर्ज घेतात का, एवढंच विचारायचं होतं. खिडकीपुढे रांग होती. आणि रांगेत सगळ्यात पुढे... सर. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल.

क्लार्कने मान वर न करता सांगितलं, "सर, तुमच्या गाईडशिपची मान्यता अजून आलेली नाही. पुढच्या आठवड्यात बघू."

सर हळू आवाजात म्हणाले, "मागच्या आठवड्यातही हेच म्हणालात, भाऊ. माझी एक विद्यार्थिनी खोळंबली आहे."

त्यांची जुनी मान्यता संपली होती. नवी येईपर्यंत त्यांच्या सहीला किंमत नव्हती, आणि हे मला सांगायची त्यांना लाज वाटत होती. मी तशीच जिन्याआड झाले. वाईट वाटलं, पण रागही तेवढाच आला. अहो, एका वाक्यात सांगता आलं नसतं का?

पुढच्या रविवारी मी गेले. जेवायला बसले, अर्ज काढलाच नाही. शेवटी सरांनीच विचारलं, आज अर्ज आणला नाही का.

"आणलाय, सर. तुमची मान्यता येऊ दे, मग काढते. मी रांगेत तुमच्या मागेच होते."

अक्कांचा भाकरी थापणारा हात थांबला. मग मीना, तू उचललेली मिरची सरांनी परत माझ्या पानात ठेवली. "खा. झेपेल तुम्हाला."

मार्च गेला, पत्र वाया गेलं. दुसरा गाईड बघ असं सगळ्यांनी सांगितलं, नाही बघितला. नव्या ऑफिसात पत्रासाठी पुन्हा तेच अर्ज, त्याच विनवण्या. पण सरांची मान्यता आली आणि सही शेवटी त्यांचीच झाली. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

आता सर नाहीत, अक्काही नाहीत. मी धुळ्याचं घर आवरून लेकीकडे नाशिकला चाललेय, म्हणून इथेच लिहून ठेवते. मीना, थीसिसची काळ्या बाइंडिंगची प्रत तुला. मातीच्या चाळण्या आणि खलबत्ता शिंदखेड्याच्या भाचीला, ती शाळेत विज्ञान शिकवते.

आणि अक्कांनी रुमालात बांधून दिलेलं भरताच्या वांग्याचं बी... परसात दरवर्षी लावून मी ते धरत आलेय. ज्याला हवं त्याने घेऊन जावं. फक्त पुढच्या रविवारी या. पुढच्या म्हणजे पुढच्याच.